इशारा उत्तर गोव्याला, पाणी साळला

पावसाळ्यात डिचोली तालुक्याच्या उत्तर टोकाला, साळ गावात नदीकाठी घर असलेल्या माणसाला आभाळाकडे बघून भागत नाही. अंगणातला पाऊस थांबलेला असतो आणि नदी चढतच असते. ही तिळारीची नदी. सह्याद्रीतून दोडामार्ग तालुक्यात उतरते, तिथल्या धरणात अडते, आणि धरणातून सुटलेले पाणी घेऊन गोव्यात शिरते. डावीकडे डिचोलीतले साळ, उजवीकडे पेडण्यातली इब्रामपूर, हणखणे, चांदेल, कासारवर्णे ही गावे. पुढे तीच नदी शापोरा या नावाने समुद्राला मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये या पट्ट्यात लोकांच्या घरांत पाणी शिरले. दोन्ही वेळा गोव्यातल्या पावसाइतकाच प्रश्न होता तो तिळारीतून येणाऱ्या पाण्याचा.

त्याच तालुक्यात दक्षिणेला साखळी आहे. तिथली नदी वाळवंटी. तिचे पाणी सत्तरीकडून येते, तिच्या वरच्या अंगाला अंजुणे धरण आहे आणि ती जाऊन मिळते मांडवीला. म्हणजे तालुका एक, पण पाण्याच्या वाटा दोन. साळचा पूर साखळीला कळत नाही, साखळीचा साळला. पेडण्यातही तेच. चांदेलच्या माणसाला धरणाची चिंता, तर केरी, हरमल, मांद्रे, मोरजीच्या रापणकाराला लाटांची.

आता हवामान खात्याचा इशारा येतो तो जिल्ह्यापुरता: ‘उत्तर गोवा’. त्यात पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी, तिसवाडी असे पाच तालुके. इशारा चुकीचा नसतो. ज्याला तो हवा आहे त्याच्यासाठी तो फार रुंद असतो. या प्रकरणात आपण हा रुंद इशारा गावाच्या मापाचा कसा करता येईल ते पाहू. त्यासाठी लागते ते एक जुने, साधे आणि माझ्या मते अन्यायाने विसरले गेलेले साधन: फीड.

फीड म्हणजे ठरलेल्या साच्यात लिहिलेली यादी. नवे काय आले, कधी आले, पूर्ण मजकूर कुठे आहे, इतकेच ती सांगते. माणसाने पाहायचे पान वेगळे, त्यात चित्रे, रंग, जाहिराती. फीड यंत्रासाठी असते, म्हणून तिच्यात सजावट नसते. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेल्या नोटिशीला जसा विषय, दिनांक, मजकूर आणि खाली सही असते, तसा तिचा ठराविक ढाचा. फलक कुणाच्या दारात जात नाही, जाता-येता आपण तो वाचतो. फीडही कुणाकडे जात नाही. वाचणारा प्रोग्रॅम ठरलेल्या वेळाने तिच्याकडे जातो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

फीड लिहिण्याच्या एका साच्याचे नाव आरएसएस. पहिला आरएसएस साचा मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाला. तो घडवणाऱ्या दोघांपैकी एक आयआयटी मद्रासचे रामनाथन गुहा, दुसरे डॅन लिबी. नेटस्केपने लवकरच त्यातून अंग काढले आणि साच्याचे दोन वारसदार उभे राहिले. डेव्ह वायनर यांना तो साधा हवा होता. दुसऱ्या गटाला तो अधिक शास्त्रशुद्ध हवा होता, आणि त्या गटात १४ वर्षांचा आरॉन स्वार्ट्‌झ होता. डिसेंबर २००० मध्ये दोन्हींच्या आवृत्त्या निघाल्या, नाव एक आणि घडण वेगळी. वायनर यांची २.० आवृत्ती सप्टेंबर २००२ ची, ती आजही सर्वत्र चालते. या भांडणाला कंटाळलेल्यांनी तिसरा साचा काढला, अ‍ॅटम. तो डिसेंबर २००५ मध्ये अधिकृत मानक झाला. गूगलने आपला ‘रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद केला तेव्हा फीडचे दिवस संपले असे बरेच जण म्हणाले. संपले नाहीत. पॉडकास्ट आजही फीडवरच चालतात, आणि आपल्या देशातले आपत्तीचे इशारेही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही व्यवस्था आहे, ती सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने उभारली. हवामान खाते, केंद्रीय जल आयोग, समुद्राच्या लाटांवर लक्ष ठेवणारी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था, राज्यांची आपत्ती प्राधिकरणे, सगळ्यांचे इशारे तिथे एका साच्यात येतात. त्या साच्याचे नाव ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’, तोंडी नाव ‘कॅप’. कॅपची पहिली आवृत्ती २००४ ची, सध्या रूढ असलेली १.२ ही २०१० ची. कोणते इशारे निघाले याची यादी आरएसएसमध्ये असते आणि यादीतल्या दुव्यामागे त्या इशाऱ्याची पूर्ण कॅप फाइल असते.

ही यादी वाचायला मी रुबी ही भाषा निवडतो. पायथन घेतली तरी चालेल. अशा भाषांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात, कारण त्यांत चाळीस-पन्नास ओळी लिहिल्या की लगेच चालवून पाहता येतात. रुबी जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये लोकांसमोर आणली. तिच्यातली आरएसएसची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, कौहेइ सुतो यांची, तेही जपानी. रोमन लिपीपलीकडे जगणाऱ्या लोकांनी केलेले हे काम आहे आणि देवनागरी फीड हाताळताना ते जाणवते.

वाचणे म्हणजे इथे पार्स करणे. संस्कृत शिकवणारे गुरुजी श्लोक आला की आधी पदच्छेद करतात, मग अन्वय लावतात. पार्सर तेच करतो. त्याच्यापुढे अक्षरांची एक लांब रांग येते. तो खुणा पाहून ती फोडतो आणि कोणता तुकडा कुणाच्या पोटात आहे ते लावतो. आपल्या इशाऱ्याचा एक तुकडा असा दिसेल. खऱ्या फाइलीत खुणांची नावे रोमन लिपीत असतात, इथे ती नागरीत लिहिली आहेत.

<आयटम>
<टायटल>उत्तर गोवा: तुरळक ठिकाणी अति मुसळधार पाऊस</टायटल>
<लिंक>पूर्ण इशाऱ्याचा पत्ता</लिंक>
<गुइड>इशाऱ्याचा क्रमांक</गुइड>
<पबडेट>प्रसिद्धीची वेळ</पबडेट>
</आयटम>

रुबीच्या पार्सरला फीडचा पत्ता दिला की तो आयटमांची यादी हातात ठेवतो. मग प्रत्येक आयटमाला टायटल काय, पबडेट काय, एवढे विचारायचे. काम इथे संपले असते तर हे प्रकरण दोन पानांत आटोपले असते.

पहिली अडचण शिस्तीची. फीड ज्या खुणांच्या भाषेत लिहितात त्या एक्सएमएलचा नियम कडक आहे: एखादी खूण उघडली आणि मिटली नाही, किंवा मजकुरात ‘&’ हे चिन्ह तसेच राहिले, तर वाचणाऱ्याने तिथेच थांबून चूक सांगावी. ‘पेडणे & डिचोली’ असे कुणी घाईत लिहिले की सगळी फाइल नापास. याच्या उलट पायथनमध्ये मार्क पिल्ग्रिम यांनी लिहिलेला प्रसिद्ध पार्सर मोडक्या-तोडक्या फीडमधूनही अर्थ काढतो. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे वाद झाले. माझे मत स्पष्ट आहे. दुसऱ्याची फीड वाचताना सैल असावे, कारण त्यांच्याकडून एक चिन्ह चुकले म्हणून साळला इशारा पोचू नये हे पटण्यासारखे नाही. रुबीच्या पार्सरमध्ये मूळ सवय कडक तपासणीची असते, पण ती बंद करून वाचता येते. त्यानेही झाले नाही तर मूळ मजकूर बाजूला साठवावा आणि माणसाला कळवावे. चूक गिळून पुढे जाणे तेवढे करू नये.

दुसरी अडचण वेळेची. आरएसएस तारीख लिहिते ती १९८२ च्या ईमेल-नियमाप्रमाणे: वाराची तीन इंग्रजी अक्षरे, दिवस, महिन्याची तीन इंग्रजी अक्षरे, साल, वेळ, आणि शेवटी ग्रिनिचच्या वेळेपासूनचा फरक, ‘+०५३०’. फीड मराठी असली तरी वार आणि महिना इंग्रजीच लागतात. तिथे ‘शुक्र’ लिहिले तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कळणार नाही. अ‍ॅटममध्ये हा घोळ नाही, तिथे साल, महिना, दिवस सगळे आकड्यांत. मात्र खरा सापळा शेवटच्या ‘+०५३०’ मध्ये आहे. काही ठिकाणी त्याऐवजी ‘आयएसटी’ लिहितात. ती अक्षरे भारताची, तशीच इस्रायलची आणि आयर्लंडचीही. प्रोग्रॅमने ती न ओळखता वेळ ग्रिनिचची धरली, तर सकाळी ८.३० चा इशारा दुपारी २ चा होतो. साडेपाच तासांत नदी कुठल्या कुठे जाते. म्हणून वेळ वाचताना विभाग आकड्यात नसेल तर ती वेळ खरी मानू नये आणि आपण लिहिताना आकडाच लिहावा.

सकाळच्या ८.३० ला आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे. हवामान खाते २४ तासांचा पाऊस मोजते तो सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३०. या मोजणीत ६४.५ मिमीपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ मिमीच्या वर गेला की सर्वांत वरची श्रेणी. ‘काल २१० पडला’ असे कुणी सांगितले तर त्यातला ‘काल’ आदल्या दिवशीच्या सकाळपासूनचा असतो, मध्यरात्रीपासूनचा नव्हे. स्क्रिप्टमध्ये दिवसाची सीमा मध्यरात्री धरली की आकडे चुकीच्या तारखेखाली जातात.

आता कॅपची फाइल उघडू. इथे आरएसएसची लायब्ररी उपयोगी नाही, कारण खुणा वेगळ्या. रुबीतच असलेला सर्वसाधारण एक्सएमएल पार्सर घ्यायचा. कॅपमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याने ‘किती गंभीर’ या एका प्रश्नाचे तीन प्रश्न केले. घाई किती: आत्ताच, लवकरच, की पुढे कधी? तीव्रता किती? आणि खात्री किती: पाहिलेले आहे, संभवते, की फक्त शक्य आहे? धरणाचे दरवाजे उघडले ही पाहिलेली गोष्ट आहे. परवा जोराचा पाऊस येईल ही संभाव्य गोष्ट आहे. दोन्हींना एकच लाल रंग देणे म्हणजे लोकांना लाल रंगाची सवय लावणे.

याशिवाय संदेश कोणत्या प्रकारचा हेही लिहिलेले असते: नवा इशारा, सुधारणा, की रद्द. आणि खरा की सराव. ही दोन घरे न वाचणारी स्क्रिप्ट धोकादायक आहे. इशारा रद्द झाल्याचा संदेश ती नवा इशारा म्हणून पुढे ढकलेल, आणि सरावाच्या संदेशावर इब्रामपूरचे लोक रात्री सामान माळ्यावर चढवत बसतील. सुधारणेच्या संदेशात आधीच्या इशाऱ्याचा क्रमांक दिलेला असतो. तो धरून जुना काढायचा आणि नवा ठेवायचा. यासाठी स्क्रिप्टला आठवण लागते. आलेल्या क्रमांकांची एक छोटी फाइल पुरते.

मग येते जागा. कॅपमध्ये जागेचे नाव असते आणि अनेकदा नकाशावरची सीमाही, बिंदूंची माळ म्हणून. प्रत्येक बिंदू आधी अक्षांश, मग रेखांश. शेवटचा बिंदू पहिल्यावर येऊन मिळतो. साळचा बिंदू या कुंपणात आहे का हे ठरवायची युक्ती शाळेतल्या मुलालाही करता येईल. बिंदूपासून सरळ पूर्वेला एक रेघ ओढायची आणि ती कुंपणाला किती वेळा छेदते ते मोजायचे. विषम वेळा छेदली तर बिंदू आत, सम वेळा छेदली तर बाहेर. रुबीत याला दहा-बारा ओळी लागतात. काळजी एकच घ्यायची. नकाशांचे बरेच प्रोग्रॅम आधी रेखांश लिहितात. क्रम उलटला तर साधारण १५.७ अक्षांश आणि ७३.९ रेखांश यांची अदलाबदल होऊन साळ नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या समुद्रात जाऊन पडते. तिथे कुठलाच इशारा लागू होत नाही, स्क्रिप्ट चूकही दाखवत नाही आणि फीड शांत राहते.

कुंपण तपासणे हे नाव शोधण्यापेक्षा कितीतरी भरवशाचे, आणि साळच्या बाबतीत तर त्याला पर्यायच नाही. धरणाचे ठिकाण सिंधुदुर्गात आहे. ज्या इशाऱ्यात तिळारीच्या पाणलोटाचा पाऊस आहे त्याच्यावर नाव ‘सिंधुदुर्ग’ असणार, ‘उत्तर गोवा’ नव्हे, आणि तो महाराष्ट्राच्या यादीत असणार. म्हणून साळसाठीची स्क्रिप्ट दोन राज्यांच्या याद्यांवर नजर ठेवते, आणि तिच्याकडे बिंदूही दोन असतात: एक गावाचा, एक धरणाचा. धरणाच्या बिंदूवर इशारा लागला की गावासाठी नोंद करायची आणि स्वच्छ लिहायचे की हा इशारा वरच्या भागासाठी आहे. पेडण्यातल्या घराघराचे सोयरे सावंतवाडी-दोडामार्गला आहेत. पावसाळ्यात तिकडे फोन करून ‘पाणी केदें?’ विचारायची रीत इथे आहेच. स्क्रिप्टला आपण तीच रीत शिकवतो. चांदेलला तोच दुसरा बिंदू चालेल. साखळीला मात्र तो अंजुण्याकडे, सत्तरीत ठेवावा लागेल. मोरजीला जमिनीवरचा बिंदू पुरत नाही, तिथे इन्कॉइसचे लाटांचे इशारे वेगळे गाळावे लागतात.

नावे शोधायचीच झाली तर देवनागरीतली एक गंमत माहीत हवी. यंत्राच्या दृष्टीने ‘डिचोली’ म्हणजे सहा खुणा आणि यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत अठरा बाइट. आपल्या डोळ्यांना दिसतात ती तीन अक्षरे. रुबीला तिन्ही मोजमापे येतात, फक्त कोणते हवे ते सांगावे लागते. मथळा शंभर बाइटांवर कापला तर मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे पडू शकते, किंवा एखादे अक्षरच मधोमध चिरले जाऊन फाइल नापास होते. याहून अवघड आहे तो आपला मराठी ‘ऱ्य’. ‘वाऱ्याचा वेग’ हा शब्दप्रयोग अर्ध्या इशाऱ्यांत असतो. त्यातला ‘ऱ्य’ कुणी ‘ऱ’ आणि हलन्ताने लिहितो, कुणाचा कीबोर्ड साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य सांधा टाकून लिहितो. कागदावर दोन्ही एकसारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. शोध चालवण्याआधी दोन्ही रूपे एका रूपात आणायची ही एक ओळ मराठी फीड वाचणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असायला हवी. ती दुसरे कुणी आपल्यासाठी लिहून ठेवणार नाही.

इथवर वाचन झाले. आता लेखन, म्हणजे गावाची स्वतःची फीड तयार करणे. रुबीत यासाठी ‘मेकर’ आहे. त्याला सांगायचे की २.० आवृत्तीची फीड कर, चॅनेलचे, म्हणजे फीडचे, नाव अमुक, दुवा अमुक, वर्णन अमुक, आणि मग एकेक आयटम घालायचा. यातले सक्तीचे घर रिकामे राहिले तर मेकर फीड देत नाही, कोणते राहिले ते सांगतो. इथे कडकपणा योग्यच आहे. वाचताना सैल असायचे ते दुसऱ्याच्या चुकांसाठी. आपल्या चुकांना जागा नको. ‘&’ सारखी चिन्हेही मेकर स्वतःच नीट करून घालतो. अक्षरे जोडून हाताने एक्सएमएल लिहिणारे पुष्कळ असतात, आणि मोडक्या फीडमधल्या बऱ्याचशा त्यांच्याकडूनच येतात.

गुइड या घराकडे जरा थांबू. वाचणाऱ्याच्या फोनला ‘हे मी आधी पाहिले आहे’ हे त्यावरूनच कळते. स्क्रिप्ट दर वेळी नवा गुइड बनवत असेल तर एकच इशारा दिवसभर नवा म्हणून वाजत राहील. म्हणून मूळ इशाऱ्याचाच क्रमांक वापरावा आणि त्याला गावाचे नाव जोडावे. मजकुराबाबत मी याहून कडक आहे. मूळ इशाऱ्यातले शब्द बदलू नयेत, स्रोताचे नाव आणि मूळ वेळ जशीच्या तशी ठेवावी, मुदत कधी संपते ते मथळ्यातच लिहावे. आपण भर घालायची ती फक्त ‘हा इशारा धरणाच्या भागासाठी’ अशी एका ओळीची, आणि ती आपली आहे हे दिसेल अशी. गावातल्या माणसाने केलेली फीड अधिकृत इशाऱ्यासारखी दिसू लागली तर तिच्यावर नको तितका भरवसा ठेवला जाईल.

दर दहा मिनिटांनी यादी पाहायची तर दिवसाला १४४ फेऱ्या होतात. सगळी फाइल दर वेळी ओढण्याची गरज नाही. मागच्या वेळी सर्व्हरने दिलेली खूण परत दाखवून ‘यानंतर बदलले का?’ असे विचारता येते. ही सोय सर्व्हरवर असली तर नाही म्हणायला तो ‘३०४’ एवढाच आकडा पाठवतो. मोबाइलची रेंज जिथे पावसात येत-जात असते तिथे हा शिष्टाचार उपयोगाचाही आहे.

आणि रात्रीचे काय? फीड झोपलेल्याला उठवू शकत नाही. ती फलक आहे, दवंडी नाही. त्यासाठी मोबाइल टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनांना एकदम वाजवणारी सेल ब्रॉडकास्टची पद्धत आहे. २०२३ मध्ये देशभर तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा अनेकांच्या फोनने एकाएकी मोठा आवाज केला होता. फीडचे काम त्याच्या आधीचे आहे. संध्याकाळी सातला, गुरे गोठ्यात बांधण्याआधी, पंप काठावरून वर आणायचा की नाही हे ठरवताना ती उपयोगी पडते. पंचायतीतला एखादा पोरगा ती वाचून चार फोन करू शकतो, आणि वाचनालयाच्या संगणकावर ती उघडी राहू शकते.

हे सगळे मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी बांधून पाहावे. सरावाचा एक संदेश स्वतः तयार करून स्क्रिप्टला द्यावा, मग रद्दचा द्यावा, मग मुद्दाम मोडकी फाइल द्यावी. मग एक प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत जास्त सतावतो. जुलैच्या एखाद्या सकाळी साळची फीड कोरी असेल. इशारा नाही म्हणून ती कोरी आहे, की रात्री वीज जाऊन स्क्रिप्ट बंद पडली म्हणून? वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसेल. त्यामुळे मी मेकरला रोज एक आयटम घालायला लावतो, इशारा असो वा नसो. गुइडमध्ये त्या दिवसाची तारीख, पबडेट सकाळी ६ ची, आणि इशारा नसेल तर मथळा असा: ‘साळ: सध्या इशारा नाही. गोवा आणि महाराष्ट्र, दोन्ही याद्या आज पहाटे ५.५० ला पाहिल्या.’ ज्या सकाळी ही ओळ येणार नाही, त्या सकाळी पुलावर जाऊन नदी स्वतः पाहून यायची.